प्रवास अंतराचा, भाडे दिवसांचे : बजबजच्या घाटावरून अर्थनियोजनाचा एक धडा

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. घरखर्चात ती बहुधा पाळलीही जाते. परदेशप्रवासात मात्र अंथरूण नेमके किती लांब होते, हे पुष्कळदा परतल्यानंतर कार्डाचे विवरणपत्र हाती आल्यावरच कळते. खर्च अधिक झाला, एवढेच त्यावरून समजते. तो कोठे आणि का वाढला, याचा उलगडा होत नाही.

मोटरहोमने, म्हणजेच चाकांवरच्या घराने, परदेशात महिना-दोन महिने भ्रमंती करण्याकडे अलीकडे मराठी कुटुंबांचाही कल वाढू लागला आहे. मुले न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडात स्थायिक झालेली असतात, नोकरीतून निवृत्ती मिळालेली असते आणि प्रवासी कंपनीच्या घाईगर्दीत देश पाहण्याची हौस उरलेली नसते. वाहनातच झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट आणि शौचालय असते. हॉटेल, मोटार आणि उपाहारगृह या तिन्हींचा खर्च एकाच भाड्यात भागतो, तेव्हा हा प्रवास स्वस्त पडणार, असा सर्वसाधारण समज असतो. तो पुष्कळ अंशी खराही ठरू शकतो. त्यासाठी भाड्याने घेतलेल्या वाहनाचा खर्च कोणत्या मापाने मोजला जातो, हे मात्र आधी समजून घ्यावे लागते. या मापाचा एक कठोर वस्तुपाठ कोलकात्याजवळच्या बजबज या गावाच्या इतिहासात आहे.

बजबजचा घाट

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर बजबज वसले आहे. तागाच्या गिरण्या आणि खनिज तेलाची साठवण यांसाठी हे गाव ओळखले जाते. सियालदह स्थानकातून उपनगरी गाडीने तेथे जाता येते. पाश्चात्य देशांतील पहिल्या प्रवासानंतर स्वामी विवेकानंद फेब्रुवारी १८९७ मध्ये जहाजाने येथेच उतरले आणि आगगाडीने कोलकात्यास गेले. त्यानंतर सतरा वर्षांनी, २९ सप्टेंबर १९१४ रोजी, याच घाटावर आणखी एक जहाज लागले. त्याचे नाव 'कोमागाटा मारू'. गावच्या रेल्वे स्थानकाच्या नावात आज ते नाव समाविष्ट आहे, आणि जवळच त्या प्रवाशांचे स्मारक उभे आहे.

या जहाजाची कथा स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात सांगितली जाते आणि तेच तिचे खरे स्थान आहे. कॅनडाचे त्या वेळचे कायदे भारतीयांना दूर ठेवण्याच्या हेतूनेच केलेले होते. एखादे अंदाजपत्रक कितीही चोख असते, तरी त्या अन्यायाचे दार उघडले नसते, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. तथापि, या प्रवासाचा जमाखर्चही इतिहासात नोंदला गेला आहे. भाड्याने घेतलेल्या वाहनातून दूर देशी निघालेल्या प्रवाशांचा पैसा कोठे अडकतो, हे त्यातून विलक्षण स्पष्टतेने दिसते.

सहा महिन्यांचे भाडे

गुरदित सिंग हे आग्नेय आशियात व्यवसाय करणारे पंजाबी कंत्राटदार होते. १९१४ च्या आरंभी त्यांनी हाँगकाँग येथे 'कोमागाटा मारू' हे जपानी मालकीचे जहाज सहा महिन्यांसाठी भाड्याने घेतले. भाडे दरमहा ११,००० हाँगकाँग डॉलर ठरले. म्हणजे सहा महिन्यांचे ६६,००० डॉलर. ही रक्कम हप्त्यांनी भरावयाची होती. प्रवाशांच्या तिकिटांतून ती उभी राहील आणि सोबत नेलेला कोळसा कॅनडात विकून आणखी काही हाती येईल, असा त्यामागचा आडाखा होता.

प्रस्थान मार्चमध्ये व्हावयाचे होते. तेवढ्यात हाँगकाँगच्या पोलिसांनी गुरदित सिंग यांना अटक केली. ते जामिनावर सुटले आणि पुढे जहाजाला परवानगीही मिळाली. पण दरम्यान अनेक उतारूंचा धीर सुटला होता. ४ एप्रिल रोजी जहाज निघाले, तेव्हा त्यावर १६५ प्रवासी होते. उरलेले प्रवासी शांघाय आणि जपानमधील बंदरांत मिळवावे लागले. ३ मे रोजी योकोहामा सोडताना ही संख्या ३७६ झाली. म्हणजे प्रवासी गोळा करण्यात २९ दिवस गेले.

पॅसिफिक महासागर ओलांडण्यास त्यानंतर सुमारे तीन आठवडेच लागले. २३ मे रोजी जहाज व्हँकूव्हरसमोर पोहोचले आणि तेथेच अडकले. प्रवाशाने आपल्या मायदेशाहून, तेथेच काढलेल्या तिकिटावर, कोठेही न थांबता थेट आले पाहिजे, असा कॅनडाचा १९०८ पासूनचा नियम होता. भारतातून अशी थेट जहाजसेवाच उपलब्ध नव्हती. शिवाय उतरणाऱ्या प्रत्येक आशियाई स्थलांतरितापाशी २०० डॉलर असणे बंधनकारक होते. जहाज नांगरावर उभे राहिले. अन्न व पाणी संपत आले. कोळसा उतरवता आला नाही, त्यामुळे तो विकताही आला नाही. भाड्याचे हप्ते मात्र ठरल्या तारखांना देय होतच राहिले. अखेर व्हँकूव्हरमधील भारतीयांनी समिती स्थापन केली. तेथील गिरण्यांत व शेतांवर राबणाऱ्या या माणसांनी सुमारे २२,००० डॉलर उभे करून हप्ता भागवला. न्यायालयाचा निर्णय प्रवाशांविरुद्ध गेला. जेमतेम वीस-बावीस जणांना उतरता आले आणि २३ जुलै रोजी जहाज परत फिरवण्यात आले. किनाऱ्यासमोर ६१ दिवस गेले होते.

परतीच्या वाटेवर असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. बजबज येथे उतरवलेल्या प्रवाशांना खास गाडीने थेट पंजाबात पाठवण्याचा सरकारचा बेत होता. अनेकांनी त्यास नकार दिला आणि ते पायी कोलकात्याकडे निघाले. त्यांना मागे वळवण्यात आले. त्यानंतर उडालेल्या चकमकीत गोळीबार झाला आणि सुमारे वीस प्रवासी मृत्युमुखी पडले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी या प्रकरणी संसदेत औपचारिक क्षमायाचना केली ती १८ मे २०१६ रोजी, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी.

आता केवळ आकडे पाहावेत. प्रवासी मिळवण्यात २९ दिवस, महासागर ओलांडण्यात सुमारे २० दिवस आणि बंदरासमोर उभे राहण्यात ६१ दिवस. जहाज भाड्याने घेतले होते ते अंतर कापण्यासाठी. पैसे मात्र द्यावे लागले ते दिवसांचे. धावणारे जहाज आणि उभे जहाज यांच्या भाड्यात भेद नव्हता. मोटरहोमच्या अंदाजपत्रकाचे पहिले सूत्र हेच आहे.

हिशेबाची तीन सदरे

घरी बसून आखणी करताना बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो किलोमीटरचा. किती अंतर, किती डिझेल आणि लिटरचा भाव काय? हा प्रश्न चुकीचा नाही, पण दुय्यम आहे. खर्चाची विभागणी तीन सदरांत करावी. दिवसांवर अवलंबून असणारा खर्च पहिल्या सदरात, अंतरावर अवलंबून असणारा दुसऱ्यात आणि एकदाच येणारा तिसऱ्यात.

उदाहरणादाखल चौघांचे एक कुटुंब न्यूझीलंडमध्ये ३० दिवसांत ३,६०० किलोमीटर प्रवास करणार आहे, असे समजू. दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च येथे वाहन घ्यावयाचे आणि उत्तर बेटावरील ऑकलंड येथे परत करावयाचे आहे. पुढील दर केवळ हिशेबाची पद्धत समजावी म्हणून गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर हंगामानुसार बरेच बदलतात. सर्व रकमा न्यूझीलंड डॉलरमध्ये आहेत.

दिवसांचा खर्च : वाहनभाडे १८० प्रमाणे ५,४००, जादा विमा ४० प्रमाणे १,२००, मुक्कामाचे शुल्क, २० रात्री विजेची जोडणी असलेल्या तळावर ६० प्रमाणे १,२०० आणि १० रात्री साध्या तळावर १५ प्रमाणे १५०, किराणा व भोजन ७० प्रमाणे २,१००. एकूण १०,०५०.

अंतराचा खर्च : दर १०० किलोमीटरला १२ लिटर प्रमाणे ४३२ लिटर डिझेल, २ डॉलर दराने ८६४, डिझेल वाहनांवरील रस्ता वापर शुल्क, १०० किलोमीटरला ८ प्रमाणे २८८. एकूण १,१५२.

एकदाच येणारा खर्च : वाहन दुसऱ्या शहरी परत करण्याचे शुल्क ३००, दोन बेटांमधील सामुद्रधुनी ओलांडणारी फेरीबोट ४००, प्रवेशशुल्के, गॅस, कपडे धुलाई इत्यादी ८००. एकूण १,५००.

तिन्ही सदरांची बेरीज १२,७०२ डॉलर होते. त्यात दिवसांच्या खर्चाचा वाटा सुमारे ७९ टक्के, एकदाच येणाऱ्या खर्चाचा १२ टक्के आणि अंतराचा अवघा ९ टक्के आहे. एका दिवसाची किंमत ३३५ डॉलर पडते, तर १०० किलोमीटरची ३२ डॉलर. शंभर किलोमीटरचा वळसा वाचवण्यासाठी घरातील मंडळी तासभर वाद घालतात. पण वाटेत एक दिवस वाया गेला, तर तशा दहा वळशांचे पैसे खर्ची पडतात. काटकसर करावयाची असेल तर ती दिवसांत करावी. तीस दिवसांऐवजी पंचवीस दिवस ठेवले, तर १,६७५ डॉलर वाचतील. अंतर निम्म्यावर आणले, तरी वाचतील ५७६.

याच हिशेबातून राखीव निधीचे माप मिळते. 'दहा-वीस टक्के अधिक धरावे' असा सल्ला सर्रास दिला जातो. पण ते टक्के कशाचे, हे सांगितले जात नाही. मोटरहोमच्या प्रवासात विलंब हाच मोठा धोका असतो. वाहनात बिघाड होणे, हवामानामुळे फेरीबोट रद्द होणे, दरड कोसळून रस्ता बंद होणे किंवा घरातील कोणी आजारी पडणे, यांपैकी काहीही घडले तरी दिवस वाढतात. म्हणून राखीव निधी दिवसांत मोजावा. महिन्याच्या प्रवासास किमान पाच दिवसांचा खर्च, म्हणजे वरील उदाहरणात १,६७५ डॉलर, वेगळा काढून ठेवावा. विमानाची तिकिटे पुढे ढकलावी लागल्यास त्याचे शुल्क याहून निराळे धरावे.

दाखवायचे पैसे आणि अडकणारे पैसे

बंदरात उतरण्यासाठी लागणारे २०० डॉलर खर्चासाठी नव्हते. ते केवळ जवळ असावे लागत. खर्च न होणारा पण उपलब्ध असावाच लागणारा असा पैसा आजच्या प्रवासातही असतो, आणि अंदाजपत्रकातून नेमका तोच गळतो.

व्हिसासाठी दाखवावी लागणारी शिल्लक हा त्यातील पहिला भाग होय. न्यूझीलंडच्या पर्यटक व्हिसाच्या नियमानुसार माणशी दरमहा १,००० डॉलर, आणि निवासाचे पैसे आधीच भरलेले असल्यास ४०० डॉलर उपलब्ध असल्याचा पुरावा द्यावा लागतो. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमाही आवश्यक असतो. नियम बदलू शकतात, सबब अर्ज करण्यापूर्वी संबंधित दूतावासाच्या अधिकृत माहितीशी ते पडताळून घ्यावेत. खात्यावरील शिल्लक अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक फुगलेली दिसली, तर शंकेला जागा राहते. म्हणून हा पैसा काही महिने आधीपासून खात्यात असणे श्रेयस्कर ठरते.

दुसरा भाग वाहन ताब्यात घेतानाच्या अनामत रकमेचा. अपघात झाल्यास नुकसानीचा पहिला हिस्सा भाडेकरूने सोसावयाचा, अशी बहुतेक करारांत अट असते. जादा विमा घेतला नाही, तर हा हिस्सा काही हजार डॉलरचा असतो, आणि तेवढी मर्यादा क्रेडिट कार्डावर रोखून धरली जाते. वाहन सुखरूप परत केल्यावर ती मोकळी होते. पण दरम्यानच्या काळात त्या कार्डाने दुसरे काही घेता येत नाही. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी अनामतीसाठी चालत नाही, आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावे असावे लागते. खर्चासाठी दुसरे कार्ड आवश्यक ठरते ते यासाठी. जादा विमा घेतानाही करारातील अपवाद वाचावेत. वाहनाचे छत, तळाचा भाग आणि कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान पुष्कळदा विम्यात धरलेले नसते. उंच वाहनाचे छत झाडाच्या फांदीला किंवा वाहनतळाच्या कमानीला घासणे ही तर नवख्या चालकाची नेहमीची चूक.

तिसरा भाग कराचा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठवता किंवा खर्च करता येते. ही योजना २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली होती. ठरावीक मर्यादेपलीकडील रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जातो. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा ७ लाखांवरून १० लाख रुपये केली. प्रवासी कंपनीच्या पॅकेजला मात्र स्वतंत्र नियम लागू होतात. हा कर विवरणपत्र भरताना समायोजित होतो किंवा परत मिळतो, म्हणजे तो बुडत नाही. तथापि, तोवर पैसा अडकतो. करविषयक तरतुदी वेळोवेळी बदलत असल्याने रक्कम पाठवण्यापूर्वी शाखेतून चालू दर समजून घ्यावा.

या तिन्ही रकमा अंदाजपत्रकात 'खर्च' म्हणून नव्हे, 'गुंतलेली रक्कम' म्हणून शेजारच्या रकान्यात लिहाव्यात. खर्च भागेल एवढाच पैसा असलेले कुटुंब वाहनाच्या कार्यालयाच्या खिडकीपाशीच अडखळण्याचा संभव असतो.

भागीदारी आणि गृहीत जमा

गुरदित सिंग यांच्या आडाख्यातील दुसरा कच्चा दुवा जमेच्या बाजूला होता. न विकलेली तिकिटे आणि न विकलेला कोळसा यांवर भाड्याचे हप्ते उभे होते. दोन कुटुंबे मिळून सहा जणांचे मोठे वाहन घेतात, तेव्हा नेमके हेच घडू शकते. आरक्षण एकाच्या नावे आणि त्याच्याच कार्डावर होते. महिनाभर आधी दुसऱ्या कुटुंबाचा व्हिसा नाकारला जातो किंवा रजा रद्द होते, आणि संपूर्ण भाडे पहिल्याच्या अंगावर पडते. मित्रत्वात अंतर पडते ते वेगळेच.

यावर उपाय साधा आहे. करारावर सही करण्यापूर्वी दुसऱ्या कुटुंबाचा वाटा प्रत्यक्ष खात्यात जमा झालेला असावा. माघार घेतल्यास किती रक्कम परत मिळेल, अपघात झाल्यास नुकसान कसे वाटून घ्यावयाचे आणि परतीस उशीर झाल्यास जादा भाडे कोणी द्यावयाचे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. वाहनकंपनीचे रद्द करण्याचे नियमही याच वेळी पाहावेत. प्रस्थानाचा दिवस जसजसा जवळ येतो, तसतशी परत मिळणारी रक्कम कमी होत जाते.

स्वतःचे वाहन न्यावयाचे असल्यास

कोलकाता हे एकेकाळी खंड ओलांडणाऱ्या बसप्रवासाचे टोक होते. १५ एप्रिल १९५७ रोजी 'इंडियामॅन' ही बस २० प्रवाशांना घेऊन लंडनहून निघाली आणि ५ जून रोजी कोलकात्यास पोहोचली. जाण्याचे भाडे ८५ पौंड व परतीचे ६५ पौंड होते. परतीच्या प्रवासात ती २ ऑगस्ट रोजी लंडनला पोहोचली, ठरल्या वेळेपेक्षा १६ दिवस उशिरा. अनेक सरहद्दी ओलांडणाऱ्या प्रवासात दिवस कसे वाढतात, याचे हे आणखी एक उदाहरण.

आज स्वतःचे वाहन परदेशी न्यावयाचे, तर 'कार्ने द पासाज' हा सीमाशुल्काचा दस्तऐवज अनेक देशांत लागतो. वाहन त्या देशात विकले जाणार नाही, ते परत बाहेर नेले जाईल, याची ती हमी असते. वाहन परत न नेल्यास त्या देशाचे आयातशुल्क वसूल करता यावे, म्हणून हा दस्तऐवज देणारी संस्था वाहनमालकाकडून तारण घेते. ते बहुधा बँक हमीच्या स्वरूपात असते. बँक हमीसाठी मुदतठेव गहाण ठेवावी लागू शकते. ही रक्कमही 'गुंतलेली' या रकान्यातच येते, आणि सर्व देशांचे शिक्के पूर्ण असलेला दस्तऐवज परत केल्यावरच ती मोकळी होते. जहाजभाडे, बंदरावरील शुल्क आणि प्रत्येक देशातील विमा यांचा हिशेब जमेस धरता, महिना-दोन महिन्यांच्या प्रवासास भाड्याचे वाहनच बहुतेकांना परवडते.

अखेरच्या साठ दिवसांचे वेळापत्रक

ऐन वेळच्या धावपळीत पैसा दोन प्रकारे जातो : घाईने घेतलेल्या महागड्या पर्यायांतून आणि राहून गेलेल्या बारीक कामांतून. पुढील क्रम पाळल्यास दोन्ही टळू शकतात.

साठ दिवस आधी : व्हिसाचा अर्ज दिलेला असावा. पारपत्राची मुदत परतीनंतरही किमान सहा महिने असावी. परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढावा. तो कमाल एक वर्षासाठी वैध असतो. वाहनाचे वजनही तपासावे. भारतात हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे वाहन चालवता येते. युरोपात मोटारीच्या सामान्य परवान्याची मर्यादा मात्र दीर्घकाळ ३,५०० किलोग्रॅम राहिली आहे. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलोग्रॅम वाढतात, हेही ध्यानी असावे.

तीस दिवस आधी : फेरीबोटीचे आरक्षण करावे. तिचे भाडे वाहनाच्या लांबीवर ठरते, म्हणून बाहेर काढलेल्या सायकल अडकवणीसह लांबी विचारून घ्यावी. गर्दीच्या हंगामात पहिल्या दोन व अखेरच्या एका रात्रीचा तळ आधीच ठरवावा; मधल्या रात्री मोकळ्या ठेवल्या तरी चालतात. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी अनोळखी रस्त्यावर मोठे वाहन हाकणे टाळावे.

पंधरा दिवस आधी : कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सुविधा सुरू करावी. १ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू करून दिले जाते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. परकीय चलनाचे प्रवासी कार्ड भरावे. सर्व रक्कम एकाच दिवशी न घेता दोन-तीन टप्प्यांत घेतल्यास चलनदराच्या चढउताराचा भार विभागला जातो. परकीय नोटा एका प्रवासात सर्वसाधारणपणे ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या नेता येतात. बाकी रक्कम कार्डावर ठेवावी.

सात दिवस आधी : घरचा हिशेब लावावा. कर्जाचे हप्ते, विम्याचे अधिमूल्य आणि वीजदेयक ज्या खात्यातून जाते, त्यात परतीनंतरच्या पंधरा दिवसांपर्यंत पुरेल एवढी शिल्लक ठेवावी. बँकेत नोंदलेला भ्रमणध्वनी क्रमांक परदेशात चालू राहील, याची खात्री करावी. संकेतांक त्याच क्रमांकावर येतो आणि तो आला नाही तर व्यवहार पूर्ण होत नाही.

दोन दिवस आधी : सामान आवरताना लोणचे, पापड, गोडा मसाला आणि भाजणी यांची यादी करावी. न्यूझीलंडमध्ये प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर घोषित करणे सक्तीचे आहे. घोषित न केल्यास जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. घोषित केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो.

वाहन ताब्यात घेताना : छत, तळ, काच आणि चाके यांची छायाचित्रे घ्यावीत. पाणी भरणे, सांडपाणी सोडणे, शौचालयाची पेटी रिकामी करणे आणि गॅस बंद करणे ही चार कामे कर्मचाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने करून पाहावीत. यात तासभर गेला तरी तो वाया जात नाही. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयांत रक्कम दाखवून पर्याय विचारते, तेव्हा त्या देशाचेच चलन निवडावे. रुपयांचा पर्याय बहुधा महाग पडतो.

शक्य असल्यास प्रस्थानापूर्वी एक रंगीत तालीमही करावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कोकणात किंवा अन्यत्र दोन रात्री अशा वाहनात काढल्यास घरातील कोणाला त्यात झोप लागते आणि कोणाला नाही, हे थोडक्या खर्चात कळते. तीस दिवसांचा करार करण्यापूर्वी ही माहिती मोलाची आहे.

परतल्यानंतर

प्रवास संपला, तरी हिशेब लगेच संपत नाही. अनामत मोकळी झाली का, हे पंधरवड्याने पाहावे. पथकर व वाहतूक दंडाच्या रकमा काही आठवड्यांनंतरही कार्डावर येऊ शकतात, म्हणून ते कार्ड लगेच बंद करू नये. उरलेले परकीय चलन परतीनंतर १८० दिवसांत बँकेकडे परत करावयाचे असते. २,००० अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम पुढील प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवण्यास मुभा आहे. गोळा झालेल्या कराची नोंद आयकराच्या २६ एएस या विवरणात उतरली आहे, हे पाहूनच विवरणपत्र भरावे.

बजबजच्या घाटावर उतरलेल्या त्या प्रवाशांनी जे सोसले, त्याची तुलना आजच्या सुखाच्या सहलीशी होऊ शकत नाही. त्यांच्यासाठी दार बंद होते. आजच्या प्रवाशासमोर ते कागदपत्रे व शिल्लक दाखवताच बहुधा उघडते. पण भाड्याने घेतलेल्या वाहनाचा नियम १९१४ मध्ये होता तोच आजही आहे. ते धावत असो वा उभे असो, दिवस मावळला की त्याचे भाडे देय होते. म्हणून अंदाजपत्रकाची वही उघडल्यावर पहिल्या ओळीत किलोमीटर न लिहिता दिवस लिहावेत, दुसऱ्या ओळीत एका दिवसाची किंमत, आणि तिसऱ्या ओळीत किती दिवस थांबावे लागले तरी आपला पैसा पुरेल, तो आकडा. हे तीन आकडे ज्या कुटुंबाला निघण्यापूर्वी ठाऊक असतील, त्याला वाटेत पावसाने चार दिवस अडवून ठेवले, तरी खिडकीबाहेरचा डोंगर निश्चिंतपणे पाहत बसता येईल.